रुपयास किती शेर? : बारामती-इंदापूर भागातील धान्यभावांचा प्रवास

बारामती आणि इंदापूर ही पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील दोन तालुक्यांची ठिकाणे होत. त्यांच्यामधील अंतर सुमारे ५० किलोमीटर आहे. दोन्ही ठिकाणी कृषि उत्पन्न बाजार समित्या असून ज्वारी, बाजरी, गहू, मका ही धान्ये दोन्हींकडे विक्रीस येतात. इतक्या जवळच्या बाजारांत एका दिवशी एका धान्याचा भाव एकच असावा, अशी कोणाचीही अपेक्षा असेल. तथापि तसे नेहमी घडत नाही. हा फरक का पडतो, आणि ज्या आकड्यांवरून आपण तो मोजतो त्या आकड्यांचा अर्थ कसा लावावयाचा, हे दोन प्रश्न वरवर वेगळे वाटतात. पहिला अर्थशास्त्राचा, दुसरा शब्दार्थाचा. प्रत्यक्षात दुसऱ्याचा उलगडा झाल्यावाचून पहिल्याचे उत्तर देता येत नाही.

प्रथम भावाच्या प्रवासाचा सामान्य नियम पाहू. समजा, इंदापुराहून बारामतीस एक क्विंटल ज्वारी नेण्यास गाडीभाडे, हमाली, तोलाई व व्यापाऱ्याचा नफा मिळून १०० रुपये लागतात. इंदापुरास भाव ३००० रुपये आणि बारामतीस ३०६० रुपये असेल, तर ज्वारी हलणार नाही. कारण ६० रुपयांसाठी १०० रुपये कोणी खर्च करीत नाही. बारामतीचा भाव ३१५० झाला, की मात्र इंदापुरास खरेदी सुरू होते. तेथील भाव वाढू लागतो, बारामतीची आवक वाढून तेथील भाव उतरतो, आणि फरक पुन्हा १०० रुपयांच्या आसपास येऊन थांबतो. म्हणजे दोन बाजार जोडलेले असणे याचा अर्थ त्यांचे भाव सारखे असणे असा नव्हे. भावांतील फरक वाहतुकीच्या एकूण खर्चापलीकडे फार काळ टिकत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

याला आणखी एक बाजू आहे. दोन्ही ठिकाणचे भाव बरोबरीने चढले किंवा उतरले, तरी त्यांच्यामध्ये मालाची ने-आण झालीच पाहिजे असे नाही. इंदापूर पुणे-सोलापूर महामार्गावर आहे. तेथील व्यापाऱ्याची एक नजर पुण्यावर, तर दुसरी सोलापूर-बार्शीकडे असते. बारामतीचा व्यापारीही पुण्याकडे पाहतच असतो. दोघे एकाच तिसऱ्या बाजाराची वार्ता ऐकून आपापले भाव ठरवितात. अशा वेळी प्रवास धान्याचा होत नाही, वार्तेचा होतो. आफ्रिकेतील नायजर देशात २००१ ते २००६ या काळात भ्रमणध्वनीचे जाळे पसरत गेले. तेव्हा बाजाराबाजारांतील धान्यभावांची तफावत १० ते १६ टक्क्यांनी घटल्याचे जेनी आकेर या अर्थशास्त्रज्ञ विदुषींना आढळून आले. तेथील मुख्य धान्य आपलीच बाजरी आहे.

वार्ता म्हटली की भाषा आली. मराठीत ‘महाग’ हा शब्द संस्कृत ‘महार्घ’ पासून आणि ‘सवंग’ हा ‘समर्घ’ पासून आला. दोहोंच्या मुळाशी असलेल्या ‘अर्घ’ शब्दाचा अर्थ मूल्य असा आहे. धान्याच्या बाजारभावास ‘धारण’ असा एक जुना शब्द होता, आणि फारसीतून आलेला ‘निरख’ही प्रचारात होता. परंतु शब्दांपेक्षा महत्त्वाची आहे ती भाव सांगण्याची रीत. आज आपण क्विंटलला इतके रुपये असे म्हणतो. म्हणजे माल स्थिर धरून पैसा मोजतो. पूर्वी रुपयास इतके शेर किंवा इतक्या पायल्या असे म्हणत. म्हणजे पैसा स्थिर धरून माल मोजीत. एकोणिसाव्या शतकातील सरकारी कागदपत्रांत धान्याचे भाव बहुधा याच रीतीने दिलेले आढळतात. या रीतीत आकडा मोठा असेल तर स्वस्ताई, लहान असेल तर महागाई.

हा केवळ उलट-सुलट मांडणीचा प्रश्न नाही. ४० शेरांचा मण धरून एक साधे उदाहरण घेऊ. दोन बाजारांमधील वाहतुकीचा खर्च मणामागे १ रुपया आहे. सुकाळात पहिल्या बाजारी रुपयास ४० शेर ज्वारी मिळते, म्हणजे मणाचा भाव १ रुपया. दुसऱ्या बाजारी तो २ रुपये, म्हणजे रुपयास २० शेर होईल. फरक दिसतो २० शेरांचा. दुष्काळात पहिल्या बाजारी रुपयास १० शेर, म्हणजे मणास ४ रुपये. दुसऱ्या बाजारी ५ रुपये, म्हणजे रुपयास ८ शेर. आता फरक दिसतो केवळ २ शेरांचा. खर्च तोच, रस्ता तोच. पण जुने तक्ते वाचणाऱ्यास वाटेल की दुष्काळात हे बाजार एकमेकांच्या फार जवळ आले.

सरासरीतही अशीच फसगत होते. एका वर्षी रुपयास ४० शेर आणि दुसऱ्या वर्षी १० शेर, यांची सरासरी २५ शेर येते. त्या हिशेबाने मणाचा भाव १ रुपया ९ आणे ७ पैच्या सुमारास पडतो. वास्तविक त्या दोन वर्षांचे भाव १ रुपया आणि ४ रुपये होते, व त्यांची सरासरी अडीच रुपये आहे. धान्य विकत घेऊन खाणाऱ्यास महागाईचे वर्ष किती जड गेले, हे पहिल्या सरासरीत झाकले जाते.

त्यातच पायली हे माप होते, वजन नव्हे. चार शेरांची पायली आणि बारा पायल्यांचा मण हे कोष्टक पाठ असले, तरी गावागणिक माप बदले. शिवाय ते सपाट भरावयाचे की शीग लावून, यावर देवघेव ठरे. १९५६ च्या कायद्याने मेट्रिक वजने आली, आणि १९६० नंतरच्या दशकाच्या आरंभी त्यांचा वापर सक्तीचा झाला. तेव्हापासून इंदापूरचा क्विंटल आणि बारामतीचा क्विंटल यांत फरक उरला नाही. दोन बाजार जोडण्याचे जे काम लोहमार्गाने केले, त्याचाच एक भाग या सामायिक वजनाने पुरा केला असे म्हणता येईल.

भाव वाचण्यावर काय अवलंबून असते, हे इंदापूरच्या इतिहासावरून कळते. प्रिंगल यांच्या पाहणीनुसार बसविलेला सारा धान्यभाव पडताच रयतेला झेपेनासा झाला आणि जमिनी ओस पडू लागल्या. म्हणून १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नवी पाहणी आरंभिली, ती इंदापूर तालुक्यापासूनच. हा आकार तीस वर्षांचा होता. या मुदतीत पुणे-सोलापूर लोहमार्ग तालुक्यातून गेला, आणि अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१-६५) कापसाबरोबर इतर मालाचे भावही चढले. १८६७ मध्ये इंदापूरचा आकार वाढविण्यात आला, तो वाढलेले भाव आणि सुधारलेले दळणवळण यांच्या आधारे. पुढे भाव उतरले, आकार मात्र राहिला. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे, बाजाराच्या दिवशी, सावकारांविरुद्ध दंगा उसळला. आज बारामती तालुक्यात असलेले हे गाव तेव्हा भीमथडी तालुक्यात होते. दंग्याचे लोण इंदापूर तालुक्यातही पोचले. त्याची कारणे अनेक होती, आणि भावांचे वाचन चुकले म्हणूनच तो झाला असे कोणी म्हणणार नाही. परंतु दूरच्या बाजारातून आलेला तात्पुरता भाव कायमचा समजून त्यावर बसविलेला सारा, ही त्या कारणांतील एक कडी होती.

आज क्विंटल एक आहे, रुपया एक आहे. तरीही शब्दांचा प्रश्न सुटलेला नाही. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य कृषि पणन मंडळाच्या दैनिक भावपत्रकात शेतमाल, जात वा प्रत, परिमाण, आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर आणि सर्वसाधारण दर असे रकाने असतात. ज्वारीपुढे कोठे ‘मालदांडी’, कोठे ‘शाळू’, कोठे ‘लोकल’, तर कोठे ‘हायब्रीड’ असे लिहिलेले असते. यांपैकी ‘मालदांडी’ हे वाणाचे नाव आहे. ‘शाळू’ हे पश्चिम महाराष्ट्रात रब्बी ज्वारीचे रूढ नाव. आणि ‘लोकल’ म्हणजे केवळ येथली. एका बाजारचा ‘शाळू’ दुसऱ्या बाजारी ‘मालदांडी’ म्हणून नोंदला गेला, तर एकच धान्य दोन ठरते. उलटपक्षी दोन्हीकडे ‘लोकल’ लिहिले, तर दोन वेगळी धान्ये एक ठरतात. अशा नोंदींवरून काढलेला फरक हा भावांतील फरक नसून नावांतील फरक असू शकतो.

शेतकऱ्याच्या दृष्टीने आणखी एक भेद महत्त्वाचा आहे. फळ्यावर लिहिला जातो तो भाव, आणि हिशेबपट्टीत हातात पडते ती रक्कम. दोहोंच्या मध्ये हमाली, तोलाई आणि इतर कपाती येतात, शिवाय घरून आवारापर्यंतचे भाडे असतेच. इंदापूरच्या शेतकऱ्याने बारामतीचा फळा पाहून माल तिकडे न्यावा की नाही, याचा निर्णय दोन फळ्यांची तुलना करून होत नाही; दोन पट्ट्यांची तुलना करूनच होतो.

यास्तव दोन बाजारांतील भावांविषयी काही विधान करण्यापूर्वी चार गोष्टी निश्चित करून घेणे अगत्याचे आहे : भाव कोणत्या रीतीने सांगितला आहे, माप कोणते आहे, मालाचे नाव त्या ठिकाणी कोणत्या अर्थाने वापरतात, आणि आकडा फळ्यावरचा आहे की पट्टीतला. एवढे केल्यावर जो फरक उरेल, तोच खऱ्या अर्थाने रस्त्याचा, वार्तेचा आणि व्यापाऱ्याच्या नफ्याचा फरक होय.