औषधाचा त्रास आणि घरांतील आनंद

कर्करोग हा शब्द ज्या घरांत उच्चारला जातो, त्या घरांतील बोलणें एकाएकीं हळू होतें. पुढें रोग्यास केमोथेरपी द्यावी लागेल असें डॉक्टरांनीं सांगितलें, म्हणजे रोगापेक्षां त्या औषधाचीच धास्ती अधिक वाटूं लागते. केस जातात, अन्न गोड लागत नाहीं, माणूस अंथरुणास खिळतो, असें ऐकून कित्येक लोक औषध सुरू होण्यापूर्वींच खचतात, व कांहीं तर तें अर्ध्यावर सोडून घरीं परततात. ज्या गोष्टीचें कारण कळलें, तिची भीति निम्मी होते. म्हणून हा त्रास कां होतो, तो हलका कसा करावा, आणि तो सोशीत असतां घरांतील नित्याचे आनंद कसे राखावे, ह्याचा येथें थोडा विचार करूं.

आपलें शरीर असंख्य सूक्ष्म पेशींचें बनलें आहे. निरोगी शरीरांत जुन्या पेशी झिजतात व त्यांच्या जागीं गरजेपुरत्या नव्या येतात. कर्करोगाच्या पेशी हा नियम पाळीत नाहींत. त्या बेसुमार वाढत राहतात. केमोथेरपीचीं बहुतेक औषधें अशा वाढत्या पेशींवरच घाव घालतात. परंतु केसांचीं मुळें, तोंडाचें व आंतड्याचें अस्तर, आणि जेथें रक्त तयार होतें तो हाडांतील मगज, ह्या ठिकाणच्या पेशीही स्वभावतःच झपाट्यानें वाढणाऱ्या असतात. माजलेलें तण खुरपतांना पिकाचीं कांहीं कोंवळीं रोपेंही दुखावतात, तसेंच हें आहे. पीक मात्र समूळ उपटलें जात नाहीं. औषध संपल्यावर कांहीं आठवड्यांतच बहुतेकांच्या डोक्यावर केसांची लव पुन्हां दिसूं लागते. उलट, एखाद्यास त्रास कमी झाला म्हणून औषध लागू पडलें नाहीं, असेंही समजूं नये.

ह्या औषधांपैकीं कांहींचें मूळ आपल्या अंगणांतच आहे. सदाफुलीच्या पानांत अत्यल्प प्रमाणांत असणाऱ्या द्रव्यांपासून विनब्लास्टिन व विनक्रिस्टिन हीं औषधें निघालीं, आणि मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर विनक्रिस्टिन आजही दिलें जातें. त्यानें बोटांस मुंग्या येतात, व कधीं कधीं सदऱ्याची गुंडी लावणेंही कठीण होतें. मात्र सदाफुलीचीं पानें चावून खाणें हा उपचार नव्हे. तीं विषारी आहेत, हें विद्यार्थ्यांनीं नीट लक्षांत ठेवावें.

एके काळीं अशा उपचारासाठीं मुंबईवांचून गति नव्हती. परळ येथील टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं सुरू झालें. आतां लातूरचें १९६६ पासून चालत आलेलें विवेकानंद रुग्णालय, बार्शीचें नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय, तसेंच छत्रपति संभाजीनगरचें शासकीय कर्करोग रुग्णालय येथेंही उपचार होतात. तरीही नांदेड व लातूरहून रात्रीच्या गाडीनें मुंबईस जाणारे रोगी पुष्कळ आहेत. दादर येथील गाडगे महाराजांच्या नांवाची धर्मशाळा अशा रोग्यांस व त्यांच्या सोबत्यांस आसरा देते. परगांवीं राहतांना घरची चादर किंवा आवडतें पुस्तक बरोबर असलें, तर परकेपणा थोडा कमी होतो.

आतां त्रास हलका कसा करावा, तें पाहूं. ओकारी थांबविणारीं चांगलीं औषधें हल्लीं मिळतात. तीं ओकारी होण्याची वाट न पाहतां, सांगितलेल्या वेळींच घ्यावीं. पोटभर दोन वेळां जेवण्यापेक्षां थोडें थोडें पांच-सहा वेळां खावें. फोडणीच्या वासानेंच मळमळतें, म्हणून स्वयंपाक चालू असतां रोग्यास दुसरीकडे बसवावें, आणि अन्न निववून द्यावें. तोंड आलें असतां ठेचा व कडक भाकरी दूर ठेवून दुधांत किंवा वरणांत कुस्करलेली भाकरी, मुगाची मऊ खिचडी द्यावी. पेलाभर कोमट पाण्यांत पाव चमचा मीठ व तितकाच खाण्याचा सोडा घालून दिवसांतून अनेकदां गुळण्या कराव्या. थकव्यावर केवळ पडून राहणें हा उपाय नव्हे. अंगणांत चार फेऱ्या घातल्यानें तो कमी होतो.

एका गोष्टींत मात्र ढिलाई उपयोगाची नाहीं. औषध दिल्यानंतर साधारणतः सात ते चौदा दिवसांच्या दरम्यान रक्तांतील पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात, आणि रोगजंतूंशीं लढण्याचें बळ घटतें. ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक दिसला, तर सकाळची वाट न पाहतां, मनानें गोळी न देतां, तत्काळ रुग्णालय गांठावें. हात धुणें व पाणी उकळून पिणें ह्यांस ह्या दिवसांत फार महत्त्व आहे. एप्रिल २०१६ मध्यें ज्या लातूरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें, त्या लातूरकरांस पाण्याची किंमत सांगावयास नको. परंतु टंचाईंतही रोग्याचा तांब्या निराळा उकळून ठेवणें घराला जमतें.

पुष्कळदां हें औषध तीन तीन आठवड्यांच्या अंतरानें देतात. तेव्हां पहिले चार-पांच दिवस त्रासाचे, पुढील कांहीं दिवस जपण्याचे, आणि तिसरा आठवडा बहुधा बरा, असा क्रम पडतो. घरांतील एखाद्या मुलानें भिंतीवरील दिनदर्शिकेवर हे दिवस खुणांनीं दाखवावे. मग आनंदासही जागा सांपडते. सणाची तिथि पंचांग ठरवितें. पण पुरणपोळीचा दिवस घरच्यांस पुढें नेतां येतो. दिवाळीच्या दिवशीं आईस अन्नाचा वास सोसला नाहीं, तर करंज्या आठवड्यानें कराव्या. यात्रेची गर्दी टाळावी. पण डॉक्टरांची संमति असेल, तर हुरड्याच्या दिवसांत शेतावर जाऊन घटकाभर उन्हांत बसावें. आनंद ‘बरें झाल्यावर’ म्हणून वर्षभर कुलुपांत ठेवूं नये. तो लहान करावा, पण रोज घ्यावा.

मराठी घरांतील सुप्रसिद्ध अभिनेत्री सोनाली बेंद्रे ह्यांचें उदाहरण ह्या ठिकाणीं आठवतें. २०१८ सालीं न्यूयॉर्क येथें उपचार घेत असतां औषधामुळें त्यांची दृष्टि कांहीं काळ बिघडली व वाचतां येईना; तेव्हां आपण घाबरलों, हें त्यांनीं मोकळेपणानें सांगितलें. दृष्टि सुधारतांच त्यांनीं पुन्हां पुस्तक हातीं घेतलें. भीति वाटणें व आनंद राखणें हीं एकाच माणसांत एकत्र नांदूं शकतात, हें ह्यावरून दिसतें. म्हणूनच रोग्यास ‘सदा हसत राहा’ असा हुकूम करूं नये. त्याला मुकाट्यानें पडून राहावेंसें वाटलें, तर तेंही करूं द्यावें.

विद्यार्थी मित्रहो, हा रोग स्पर्शानें किंवा भांड्यांतून पसरत नाहीं. डोक्यास रुमाल बांधून एखादा सोबती वर्गांत परतला, तर त्याच्याकडे टक लावून पाहूं नका. चुकलेल्या धड्यांची वही त्याच्यापुढें ठेवा व पूर्वींप्रमाणें शेजारीं बसा. स्वतःस सर्दी, गोंवर अथवा कांजिण्या असतील, तर मात्र दूर राहा. त्याच्यापासून तुम्हांस नव्हे, तुमच्यापासून त्याला धोका आहे. आणि पालकांनींही मुलांपासून सारें लपवूं नये. भिंतीआडची कुजबुज मुलांस सत्यापेक्षां अधिक भिवविते. दोन सरळ वाक्यांत खरें सांगून पाण्याचा तांब्या भरण्याचें काम त्यांच्याकडे सोंपवावें. आपणही उपयोगी आहों, हें मुलांस कळलें म्हणजे त्यांचेंही ओझें हलकें होतें. औषध देणें डॉक्टरांच्या हातीं आहे. पण घरांतील दिवा तेवत ठेवणें आपल्या सर्वांच्या हातीं आहे.