महाडच्या मांडवात व्हर्सायची सभा

आधुनिकीकरणापूर्वीच्या जपानात साकुमा शोझान हा विचारवंत रशियाच्या झार पीटरच्या सुधारणांनी भारावला होता. कोकणातल्या महाडच्या सत्याग्रह परिषदेनेही परका आदर्श घेतला, तो मात्र राजाचा नव्हे, राजाला वाकवणाऱ्या सभेचा!

२५ डिसेंबर १९२७. सत्याग्रह परिषदेच्या अध्यक्षपदावरून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १७८९ साली व्हर्सायला भरलेल्या फ्रेंच राष्ट्रीय सभेशी या परिषदेची तुलना केली. प्रश्न अस्पृश्यांना नाकारलेल्या, महाडच्या चवदार तळ्याच्या पाण्यापुरता नव्हताच. जन्मावर बेतलेली विषमता त्यांना मोडायची होती. परिषदेने समान मानवी हक्कांचा ठराव केला आणि त्याच रात्री मनुस्मृतीचे दहन झाले. परिषदेच्या मांडवाला जागा मिळेना, तेव्हा ती दिली फत्तेखान या स्थानिक मुस्लिम गृहस्थांनी.

तळ्याच्या पाण्यावरून सवर्णांनी लावलेला दावा मात्र रेंगाळला. मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी तो आंबेडकरांच्या बाजूने निकाली काढला.