काहिलीखालीं गॅसची भट्टी: नळ्या व बर्नर यांची मांडणी

स्वयंपाकाच्या गॅसची पहिली इंडेन टाकी १९६५ सालीं कलकत्त्यास एका घरीं बसली; २०१६ सालीं उज्ज्वला योजना निघाल्यावर ती सरपणाच्या मोळीवर चालणाऱ्या घरांतही आली. आतां पुढची पायरी म्हणून पुष्कळ शेतकरी बंधु खवा आटविण्यास, काकवी तापविण्यास, हळद शिजविण्यास किंवा लग्नकार्याचें पाणी उकळण्यास मोठे बर्नर आणूं लागले आहेत. ही सोय चांगली आहे. परंतु चूल घालणें आणि गॅसची भट्टी मांडणें या दोन भिन्न गोष्टी होत. आम्हीं महसुली कारकुनींत असतां जळिताचे पंचनामे लिहिले, त्यांत मूळ कारण बहुधा चार आण्यांच्या वॉशरएवढें लहान असे. म्हणून या विषयाचें थोडक्यांत विवेचन करितों.

प्रथम खर्चाचा हिशेब पाहावा. एक लिटर पाणी एक अंशानें तापविण्यास एक किलोकॅलरी उष्णता लागते; तेंच पाणी उकळी आल्यावर वाफ करून घालविण्यास सुमारें ५४० लागतात. एक किलो गॅसांतून सुमारें ११,००० किलोकॅलरी निघतात, व उघड्या भट्टींत त्यांपैकीं निम्म्या भांड्यास लागल्या तरी पुष्कळ. यावरून शंभर लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीस आणण्यास सुमारें दीड किलो गॅस पुरतो. पण शंभर लिटर पाणी आटवून नाहींसें करण्यास आणखी सुमारें दहा किलो जळतो. शंभर लिटर दुधाचा खवा करतांना पाऊणशें लिटरांहून अधिक पाणी उडवावें लागतें. म्हणजे १९ किलोच्या टाकीचा जवळजवळ अर्धा भाग गेला. तात्पर्य, उकळी आणणें स्वस्त व आटविणें महाग. गुळास चिपाड घरचें असतां गॅस जाळणें हा आंतबट्ट्याचा व्यवहार होय. घरगुती १४.२ किलोची टाकी धंद्याच्या भट्टीस लावणें कायद्यानें मना आहे, हेंही ध्यानांत असावें.

आतां गॅसचा स्वभाव. हा गॅस प्रोपेन व ब्युटेन यांचें मिश्रण असून हवेहून दीडपट ते दुप्पट जड आहे. गोबरगॅस हलका, म्हणून वर उडून जातो. हा मात्र पाण्याप्रमाणें सखल जागा शोधतो. येथेंच आमच्या लोकांची मोठी गफलत होते. गुऱ्हाळाचें जुनें चुलवण जमिनींत खोल असतें. काहील आयती बसते म्हणून त्याच खड्ड्यांत गॅसचा बर्नर ठेवितात. सांधा थोडा गळला तरी गॅस त्या खड्ड्यांत सांचतो, आणि हवेंत शंभर भागांस दोन भाग गॅस झाला कीं ठिणगी पुरे. तेव्हां बर्नर उघड्या, सपाट जमिनीवर, लोखंडी तिवईवर ठेवावा. जवळ पेंव, विहीर किंवा तळघराचें दार नसावें.

टाकी नेहमीं उभी असावी. आडवी केल्यास वाफेऐवजीं पातळ गॅस नळींत शिरतो, आणि एका लिटर पातळ गॅसची सुमारें अडीचशें लिटर वाफ होते. टाकी व भट्टी यांत निदान दहा फुटांचें अंतर असावें व वारा टाकीकडून भट्टीकडे वाहावा. मोठा बर्नर फार वेळ चालला कीं टाकीच्या अंगावर दंव धरतें व ज्योत मंदावते. पातळ गॅसची वाफ होतांना तो टाकीचीच उष्णता ओढून घेतो, हें त्याचें कारण. अशा वेळीं टाकीस जाळ दाखविणें म्हणजे मृत्यूस आमंत्रण होय. दोन टाक्या फिटरकडून एका नळीस जोडून घ्याव्या, म्हणजे ओढ वांटली जाते.

घरगुती रेग्युलेटर सुमारें ३० सेंटिमीटर पाण्याच्या स्तंभाइतका मंद दाब देतो. मोठ्या बर्नरास जास्त दाबाचा, त्याच बर्नराच्या मापाचा रेग्युलेटर लागतो. नळी आय. एस. आय. शिक्क्याची, पोलादी जाळीची घ्यावी, भांड्याखालून नेऊं नये, व तडे दिसतांच किंवा पांच वर्षांनीं बदलावी. अंतर लांब असल्यास रबरी नळ्या जोडीत न बसतां लोखंडी किंवा तांब्याची नळी फिटरकडून बसवावी, आणि बर्नराजवळ स्वतंत्र चावी ठेवावी. प्रत्येक सांध्यास साबणाचें पाणी लावून पाहावें. बुडबुडा आला कीं सांधा गळतो. काडी ओढून तपासणारा मनुष्य आपली परीक्षा स्वतःच घेतो.

गोबरगॅसच्या शेगडीस हा गॅस जोडूं नये. तिचें जेटाचें भोंक मोठें असतें, व यांतून गॅस अवाजवी सुटून ज्योत आवरत नाहीं. ज्योत निळी व स्थिर असावी. पिवळी होऊन काजळी धरल्यास हवा कमी पडते, हवेचें दार उघडावें. ज्योत बर्नर सोडून वर उचलल्यास दाब किंवा हवा अधिक झाली, ती कमी करावी. वाऱ्यासाठीं पत्र्याचा आडोसा भट्टीसच करावा, टाकीस नव्हे. व त्यास खालून हवा येण्यास वाट ठेवावी.

पेटवितांना आधीं जळता काकडा बर्नरावर धरावा व मग चावी उघडावी. विझवितांना आधीं टाकीची चावी बंद करावी, नळींतील गॅस जळूं द्यावा, नंतर बर्नराची चावी फिरवावी. सडक्या कांद्यासारखा उग्र वास (हा मुद्दाम मिसळलेला असतो) आल्यास जाळ विझवावा, टाकी बंद करावी, वीजेचें बटण चालूही करूं नये व बंदही करूं नये, दारें उघडावीं, मुलांमाणसांस वाऱ्याच्या बाजूस न्यावें, आणि दूर जाऊन १९०६ या क्रमांकावर कळवावें.

बर्नर विकत घेण्यापूर्वीं जागा ठरवावी, जागा ठरल्यावर फिटर बोलवावा, आणि हंगामाच्या पहिल्या दिवशीं साबणाचें पाणी हातीं घेऊन सगळे सांधे स्वतः पाहावे. गड्यांपैकीं एकास टाकीची चावी कोणत्या बाजूस फिरते हें दाखवून ठेवावें. कारण प्रसंग आला तेव्हां मालक शेतांत असतो व भट्टीजवळ गडी असतो.