रुसवा दुधावर नव्हे!

आमच्या घरात बाटलीवरून पहिला कलह झाला, तो दुधाच्या बाटलीवरून! पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. माझी बाळंतपणाची रजा संपत आली होती. केनवडच्या घरून तालुक्याच्या गावी कॉलेजात जायचे, म्हणजे सकाळी एस.टी. गाठायची आणि परत यायचे ते दुपार कलल्यावर. बाळ पाच महिन्यांचे. अंगावरच्या दुधाखेरीज दुसरे काही त्याला ठाऊक नव्हते.

मैत्रिणींच्या सल्ल्याने बाटली आली. मी दूध काढून तिच्यात भरले. पण बूच ओठांशी नेताच चिरंजीवांनी तोंड फिरवले आणि घर डोक्यावर घेतले. मी कामावर गेले त्या पहिल्या दिवशी तर सहा तास त्याने थेंब घेतला नाही. इकडे वर्गात मी कविता शिकवत होते आणि पान्ह्याने पदर भिजत होता. नोकरी सोडावी, हा विचार त्या दिवशी प्रथम मनात आला.

सासूबाई रात्री म्हणाल्या, “काहून मांगं लागली वं त्याच्या? दुधावर नाही रुसलं ते. बाटलीवर रुसलं, बाप्पा!”

त्यांनी फळीवरचे चांदीचे बोंडले काढले, ब्रशने घासून उकळले आणि मला परसात पिटाळले. आई समोर असताना, तिचा वास येत असताना, बाळाने दुसरे काही का घ्यावे? ते भुकेने कासावीस होण्याआधीच त्यांनी त्याला मांडीवर उभट धरले, गाणे गुणगुणले आणि थेंब थेंब दूध ओठांवर टेकवले. पहिल्या दिवशी दोन घोट, दुसऱ्या दिवशी चार. आठवड्याभरात बाळ आजीच्या हातून पोटभर पिऊ लागले.

तेव्हा मला उमगले, बाळाला सवय लावायची ती बाटलीची नव्हे, दुसऱ्या हाताची!

आपल्याकडचे बालरोगतज्ज्ञही बाटलीपेक्षा वाटी-चमच्याचीच शिफारस करतात. बाटलीच्या बुचात दुधाचा अंश राहतो, तिथे जंतू वाढतात आणि बाळाला हगवण लागते. शिवाय अंगावर पिताना बाळाला जीभ आणि जबडा यांचे श्रम पडतात. बाटलीतून दूध आपसूक येते. त्या सुखाला चटावलेले मूल कधीकधी आईलाच नाकारते. म्हणूनच १९९२ च्या कायद्याने दूधबाटल्यांच्या जाहिरातींवर बंदी घातली. आणि काढलेल्या दुधाचे मोल पाहायचे, तर मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातील पहिली मातृदुग्धपेढी उभारली, ती अशाच काढलेल्या दुधावर!

ज्या भगिनींना कामावर जायचे आहे, त्यांनी रजा संपण्याआधी दोन-तीन आठवडे सराव सुरू करावा. हात स्वच्छ धुऊन झाकणाच्या स्टीलच्या भांड्यात दूध काढावे. ते बाहेर चार तासांच्या आत वापरावे. आमच्या वऱ्हाडच्या उन्हाळ्यात त्याहून लवकर. फ्रिजमध्ये एक दिवस टिकते. ते उकळू नये. भांडे कोमट पाण्यात ठेवले की पुरे. त्यात पाणी मुळीच घालू नये. बाटलीवाचून गत्यंतर नसेल, तर दूध सावकाश येईल असे बूच घ्यावे, बाटली आडवी धरावी, मध्ये थांबावे आणि प्रत्येक वेळी सारे भाग उकळावे. बळजबरी कधीच नको. मात्र लघवी कमी झाली किंवा बाळ मलूल दिसले, तर डॉक्टर गाठावा. सकाळ, संध्याकाळ आणि रात्र ही आईचीच. तेव्हा अंगावर पाजत राहावे, म्हणजे दूध आटत नाही.

२०१७ च्या दुरुस्तीने मातृत्व लाभ कायद्यातील पगारी रजा पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची झाली. पन्नास वा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघराचीही तरतूद झाली. पण शेतात सोयाबीन सोंगणाऱ्या आईला कुठली रजा? तिला आधार घरच्या माणसांचाच.

तान्ह्यासाठी रायगडाचा कडा उतरणाऱ्या हिरकणीची आख्यायिका आपण कौतुकाने सांगतो. मला मात्र वाटते, त्या रात्री गडाखाली तिच्या बाळाला मांडीवर घेणारे कुणी असते, तर तिला कडा उतरावा लागला नसता!

ते बोंडले अजून आमच्या फळीवर आहे. सासूबाई आता नाहीत. पण ते दिसले, की आपली नोकरी कुणाच्या मांडीवर टिकली, याची आठवण होते.