ढगांच्या पोटात शिरणारे विमान

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आपले कोल्हापूर महापुराच्या पाण्यात बुडाले. त्याच पावसाळ्यात सोलापुरात पावसाचे ढग शोधत विमाने फिरत होती! सह्याद्री पश्चिमेकडे धो धो पाऊस पाडतो, पूर्वेकडचा दूरचा मुलूख मात्र कोरडा ठेवतो. तिथे पाऊस हुकला की शेतमजुराची चूल आधी विझते. म्हणून ढगांचा अभ्यास ही चैन आहे, असे आम्ही मानत नाही.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २००९ साली विमानातून ढग तपासण्याचा प्रयोग सुरू केला. २०१८ आणि २०१९ साली सोलापुरात दोन विमाने होती. एक ढगात शिरून थेंब नि धूलिकण मोजी. दुसरे ढगाच्या तळाशी कॅल्शियम क्लोराईडच्या नळकांड्या पेटवी. हे क्षारकण बाष्प ओढतात, थेंब मोठे होतात. एकूण २७६ ढग निवडले; काहींत पेरणी केली, काही तुलनेसाठी तसेच सोडले. पेरणीनंतर वाऱ्याच्या दिशेच्या भागात सरासरी १८ टक्के जादा पाऊस आढळला.

पण वाचकहो, आभाळात ढगच नसेल तर विमान काय पेरणार? म्हणून विमानाचे कौतुक जरूर करा, पण गावच्या तळ्याची, बंधाऱ्याची मागणी सोडू नका.