नाचणीच्या भाकरीचे पचन

अकोले तालुक्यातील राजूरच्या डोंगरपट्ट्यात नाचणीची भाकरी आणि वाल हे जुने जेवण. याच तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी वालाचे अनेक देशी वाण जपले आहेत. भाकरीचे पचन तोंडातच सुरू होते. लाळेतील अमायलेज पिष्ट फोडते. म्हणून बराच वेळ चावलेला घास गोडसर लागतो. जठरातील आम्ल वालाच्या प्रथिनांची घडी उलगडते, पेप्सिन त्यांचे तुकडे पाडते.

जठराला मिळणारे बरेचसे श्रेय खरे तर सुमारे 6 मीटर लांबीच्या लहान आतड्याचे आहे. तिथे स्वादुपिंडाचा रस आम्लाची तीव्रता मारतो आणि पिष्ट, प्रथिने, स्निग्धांश फोडतो. पित्त तेलाचे बारीक थेंब करते. आतड्याच्या अस्तरावर मखमलीच्या लवीसारखे उद्वर्ध असतात. त्यांतून ग्लुकोज व अमिनो आम्ले रक्तात जातात, बहुतेक स्निग्धांश लसिकेत. नाचणीतील फायटेट मात्र कॅल्शियम आणि लोह धरून ठेवते. मोड आणल्यास ते कमी होते.

वालातील काही शर्करा फोडणारे विकर माणसाकडे नाहीच. मोठ्या आतड्यातील जिवाणू त्या आंबवतात, त्यातून वायू होतो. तंतूंपासून हेच जिवाणू ब्युटिरिक आम्ल बनवतात आणि तेच तिथल्या पेशींचे मुख्य इंधन असते. शेवटी उरलेले बहुतेक पाणी शोषले जाते व मळ घट्ट होतो.