एकसष्ट शेतांचे एक शेत

धुऱ्यावरून भावाभावांत तंटे होण्याचा आणि मोजणीच्या दप्तरात त्यांचे कागद वर्षानुवर्षे साचत राहण्याचा परिपाठ ज्या मुलखात जुना आहे, अशा वाशीम-रिसोडकडील एखाद्या पटवाऱ्यापुढे पुढील अर्ज आला अशी कल्पना करावी : सारख्या मापाची एकसष्ट समचौरस शेते असून, त्यांत हातभर लांब व हातभर रुंद असा एक तुकडा मिळवला असता सर्वांचे मिळून एकच समचौरस शेत व्हावे; बाजू मात्र पूर्ण हातांतच याव्यात. शेते साठ असती तर ४ हातांची बाजू पुरती आणि मोठे शेत ३१ हातांचे होते; बासष्टांना ८ आणि ६३ पुरतात. एकसष्टांना मात्र लहानातले लहान उत्तर २२ कोटी ६१ लाख ५३ हजार ९८० हात असे येते, आणि मोठ्या शेताची बाजू १७६ कोटी ६३ लाख १९ हजार ४९ हात भरते! हात दीड फुटाचा धरला, तर ही बाजू चंद्राच्या अंतराच्या दुपटीहून अधिक होते. या जमिनीची जमाबंदी कोणी करावी?

शेतांचा हा पेहराव माझा, प्रश्न भास्कराचार्यांचा. शके १०३६ मध्ये जन्मलेल्या या गणकाने छत्तिसाव्या वर्षी, म्हणजे इ. स. ११५० मध्ये, ‘सिद्धान्तशिरोमणि’ रचला आणि ‘बीजगणिता’त हाच प्रश्न सख्याला घातला. त्यांचे गाव विज्जडविड नेमके कोठले, हा वाद अद्याप मिटलेला नाही. वाकाटकांची राजधानी वत्सगुल्म हे आपलेच गाव, एवढ्यावर वाशीमकरांनी समाधान मानावे आणि भास्करांना इकडे ओढू नये. भक्कम पुरावा चाळीसगावनजीकच्या पाटण्याचा आहे : त्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी नातू चांगदेव याने स्थापिलेल्या मठाचा तेथील शिलालेख शके ११२८ चा आहे.

एकेक बाजू घेऊन पडताळत बसले, तर सेकंदाला एक या वेगाने अहोरात्र सात वर्षांहून अधिक काळ लागेल. भास्कर चक्रवालाने, म्हणजे फेऱ्याफेऱ्याने उत्तराकडे नेणाऱ्या रीतीने, जातात. ८ चा वर्ग ६१ हून ३ ने अधिक. तेथून एकच फेरा घेतला की ३९ चा वर्ग ६१ गुणिले ५ चा वर्ग याहून ४ ने उणा निघतो, आणि ब्रह्मगुप्ताच्या ‘भावने’ने, म्हणजे दोन उत्तरे जोडून तिसरे काढण्याच्या रीतीने, तो उणा ४ आधी उणा १ होतो, मग अधिक १. मधल्या मुक्कामावर २९७१८ भेटते. त्याच्या वर्गाची दुप्पट करून एक मिळवला की आपली १७६ कोटींची संख्या हाती येते. चक्रवालाचे श्रेय एकट्या भास्करांचे नव्हे, जयदेव या गणकाचे नाव भास्करांच्या आधीच्या एका टीकाग्रंथात आहे. पण हे उदाहरण निवडण्यातला खोडकरपणा मला भास्करांचाच वाटतो. पुढे १६५७ मध्ये फ्रेंच गणिती फर्माने फ्रेनिकल या दुसऱ्या गणित्याला कोडे घातले तेही ६१ चेच, आणि तेही फार श्रम पडू नयेत म्हणून लहान संख्या निवडल्याच्या आविर्भावात!

मोठ्या बाजूला लहान बाजूने भागले असता ६१ चे वर्गमूळ जवळजवळ मिळते. चूक राहते ती सुमारे आठ परार्धांत एक भाग, आणि ‘लीलावती’तील अठरा स्थानांत परार्ध हे शेवटचे.

खिशातल्या गणकयंत्रावर शेतांच्या उत्तराचा ताळा पाहू नये. वर्ग एकोणीस अंकी असल्यामुळे दोन्हीकडे एकच आकडा झळकतो आणि हातभर तुकडा गडप होतो. पाटीवर गुणाकार मांडावा : एका बाजूस शेवटी ४०१ येतात, दुसरीस ४००.